अर्ध्या बंगल्यातला काळोख

आमच्या घोडपदेवच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, साडेसातची मालिका दुसऱ्या दिवशी चार वाजता असते. ती थेरेसाबाई सांगतात. मालिकेचं नाव देत नाही. त्यात एक सासर आहे आणि एक फूल आहे, एवढ्यावरून कुणालाही ती ओळखता येणार नाही.

थेरेसाबाईंना ऐकू येत नाही. मशीन आहे, पण ते कानात घातलं की शिट्ट्या मारतं, आणि या वयात शिट्ट्या नकोत म्हणून ते कपाटात असतं. समोर बसून सावकाश बोललं तर त्यांना ओठांवरून सगळं कळतं. मालिकेतली माणसं सावकाश बोलत नाहीत आणि बोलताना माना फार फिरवतात. म्हणून थेरेसाबाई ओठांचा नाद सोडून चेहरे बघतात. कोण कुणाकडे बघतंय, कोण बघायचं टाळतंय, कोण हसता हसता पदर चुरगाळतंय. पात्रांची नावं कानावर पडत नाहीत, तेव्हा ती त्यांनी स्वतःच ठेवली आहेत. सासू ती नाकवाली. सुना दोन, थोरली आणि धाकटी. मोठा मुलगा चष्मेवाला. खरी नावं आता चाळीत कुणालाच आठवत नाहीत.

बरं, ऐकायला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी टीव्ही आहे. आदल्या संध्याकाळी प्रत्येकीने तीच मालिका आवाजासकट बघितलेली असते. तरी चार वाजले की लसूण, मेथी, वाटाणे घेऊन मंडळी गॅलरीत हजर. काशीबाई कोळीण बाजारात पाटी रिकामी करून थेट इथेच येते आणि स्टूल पुढे ओढून बसते. मी तिला एकदा विचारलं, "काशीबाई, काल बघितलंत ना? मग आज पुन्हा कशाला?"

"कालची ती टीव्हीवाल्यांची," ती म्हणाली. "खरी ही."

माझी खुर्ची दाराशी असते आणि माझ्या हातात पेपर असतो. मी ऐकत नाही. फक्त त्या तासात पान उलटत नाही.

तर एका सोमवारी थेरेसाबाईंच्या मालिकेत लाइट गेली.

"अर्ध्या बंगल्यात काळोख," त्या म्हणाल्या. "डाव्या अंगाला. नाकवालीने तोडायला लावली असणार. धाकटीची खोली त्याच बाजूला."

मी पेपर खाली केला. आदल्या संध्याकाळी माझ्या टीव्हीवर त्या बंगल्यात भरदुपारी सगळी झुंबरं पेटलेली होती. आता एखादी बाई 'छे हो' म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. काशीबाईने नुसतं च्यक् केलं.

"मेली नाकवाली," ती म्हणाली.

मंगळवारी धाकटी काळोखात जेवली. चष्मेवाला उजेडात बसला होता. घास तोंडाशी नेताना तो थांबला, काळोखात बघितलं, आणि मग जेवला. हे ऐकून मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा पाच वाजता तोच भाग लागतो, तो मी पाचला दार लोटून बघितला. चष्मेवाला खरोखरच घास तोंडाशी नेताना थांबला होता आणि त्याने डावीकडे बघितलं होतं. डावीकडे धाकटी होती, लख्ख उजेडात, आणि तोंडाने मसालेभाताचं कौतुक करत होती. आदल्या दिवशी मी फक्त मसालेभाताचं कौतुक ऐकलं होतं.

बुधवारी थेरेसाबाई स्टुलावर बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत.

"काय झालं गो?" काशीबाईने समोर जाऊन विचारलं.

"काल काहीच दिसलं नाही. सगळ्या बंगल्यात काळोख."

"मग?"

"मग काय? दिसलं नाही ते कसं सांगू?"

"जरा मनाने सांग. थोडा. आम्ही काय बोलणार नाय."

"मी मनाने सांगते?" थेरेसाबाईंनी विचारलं, अशा आवाजात की काशीबाई पुन्हा लसणाकडे वळली.

संध्याकाळी साडेसातला मी त्यांच्या घरात डोकावलो. थेरेसाबाईंचे यजमान ऑस्वाल्ड काळ्याकुट्ट टीव्हीसमोर आरामखुर्चीत बसले होते आणि खूश होते. टीव्हीच्या आतून कुणीतरी मुसमुसत होतं. ऑस्वाल्डना काचबिंदू आहे. दिवस आणि रात्र यांतला फरक त्यांना कळतो. बाकीचा तपशील ते इतरांवर सोडतात.

"या भाऊ, बसा. आज मस्त रंगलंय."

"टीव्हीला काय झालंय, ऑस्वाल्ड?"

"टीव्हीला? काय आवाज आहे बघा."

मी रिमोट घेतला आणि बातम्या लावल्या. काळोखात कुणीतरी कुणावर तरी आरोप करत होतं. क्रिकेट लावलं. काळोखात चौकार गेला.

"बघा," थेरेसाबाई म्हणाल्या. "सगळीकडेच गेली."

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सावकाश म्हणालो, "काळोख बंगल्यात नाही. टीव्हीत आहे."

त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग पलंगावर बसल्या.

"म्हणजे धाकटीच्या खोलीत लाइट होती?"

"होती."

"पहिल्यापासून?"

"झुंबर होतं."

"मग मी गॅलरीत बसून खोटं सांगत होते," थेरेसाबाई म्हणाल्या.

ऑस्वाल्डनी तिकडून विचारलं, काय म्हणतेय ती? मी सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय एवढं, नाकवाली तशीही लाइट तोडण्यातलीच आहे. सुदैवाने हे थेरेसाबाईंना ऐकू आलं नाही.

अडचण अशी होती की मालिका संपत आली होती. शेवटचा भाग शनिवारी. थेरेसाबाईंनी जाहीर करून टाकलं की शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघितला तरच आपण पुन्हा गॅलरीत बसू. शेवट दिसला तर त्यावरून मागचं दुरुस्त करून सांगता येईल. नाही दिसला तर खोटं ते खोटंच राहिलं, आणि खोटं सांगणाऱ्या बाईने दारात स्टूल टाकू नये.

काशीबाई म्हणाली, माझ्याकडे येऊन बघ. थेरेसाबाई गेल्या. काशीबाईचा टीव्ही कपाटावर आहे आणि कपाट छताला टेकलेलं आहे, त्यामुळे सगळ्या पात्रांच्या फक्त हनुवट्या दिसल्या. त्यातही काशीबाईचा नातू मितेश मधूनमधून स्कोअर बघत होता. त्याने आपला मोबाइल देऊ केला. त्यात चेहरे नखाएवढे. "एवढ्याशा तोंडात खोटं कुठून दिसणार?" असं म्हणून त्यांनी तो परत केला. मस्कतहून मुलगा, वेन, व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मम्मी, तो फेकून दे, डिसेंबरला येताना नवीन आणतो."

"डिसेंबरला मालिका आहे?" थेरेसाबाईंनी विचारलं. वेन म्हणाला, नेटवर्क जातंय. तो तिकडे इंजिनिअर आहे.

शुक्रवारी सकाळी मी लालबागहून विकासला आणलं. विकासचं दुकान दोन डंखांच्या, म्हणजे मिरच्या कुटायच्या गिरण्यांच्या, मधोमध आहे. त्याच्याकडून दुरुस्त होऊन आलेल्या टीव्हीला आठवडाभर मसाल्याचा वास येतो, आणि बातम्या बघताना डोळ्यांत पाणी का आलं ते नक्की सांगता येत नाही. म्हणून मी म्हटलं, घरीच ये. शिवाय आमचा जिना असा आहे की त्यावरून टीव्ही खाली नेणं हाच एक बिघाड.

विकासने ट्यूब बंद केली, खिडकी लोटली, टीव्ही सुरू केला. काळोख. मग मोबाइलची बॅटरी लावून त्या काळ्या काचेच्या अगदी जवळ तिरपी धरली. उजेडाच्या गोलात एक डोळा दिसला. डोळ्याखाली नाक आलं.

"नाकवाली," थेरेसाबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. शुक्रवारी सकाळी गुरुवारचा भाग पुन्हा लागला होता.

"चित्र चालू आहे, मावशी," विकास सावकाश म्हणाला. "मागचा उजेड गेलाय फक्त. चित्राला स्वतःचा उजेड नसतो."

त्या आता त्याच्या ओठांकडे बघत नव्हत्या. त्यांनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि काचेवरून फिरवायला लागल्या. मला वाटलं जो बोलतोय त्याच्यावर धरतील. त्यांनी आधी दाराजवळ धरला. तिथे एक मोलकरीण ट्रे घेऊन उभी होती. मग खाली, टेबलाजवळ. थोरलीचा हात तिथे चमच्याशी चाळा करत होता. मग बंगल्यातल्या खिडकीच्या पडद्यामागे. तिथे कुणी नव्हतं, पण त्यांनी खात्री करून घेतली. इकडे ऑस्वाल्ड सांगत होते, "आता नाकवाली म्हणते बंगला विकायचा." तिकडे बॅटरी धाकटीच्या पायांवर होती.

"मावशी, मोबाइल," विकास म्हणाला.

"थांब रे."

त्याचा फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला. त्यांना कुठे ऐकू येत होतं?

भाग संपल्यावर विकासने कामाचं सांगितलं. आत पट्ट्या असतात आणि पट्ट्यांवर बारीक दिवे, मंडपाच्या माळेसारखे. एक दिवा गेला की ती माळ गेली. आधी डावीकडच्या गेल्या, मग सगळ्याच. दिवे साधे, मिळतात. भानगड आहे ती काचेची. चित्र ज्या काचेत असतं ती पापडासारखी, आणि पट्ट्या तिच्या मागे. ती चारी कोपऱ्यांनी एका दमात, एका लेव्हलला उचलावी लागते. एक कोपरा जरा आधी वर आला की टक्. मग टीव्ही भंगारात.

"माझा भाऊ असतो धरायला, तो गावी गेलाय," तो म्हणाला. "मी काचेला जोडलेल्या वायरच्या फिती सांभाळणार. चार जण लागतील. नजर काचेवरून हलवायची नाही कुणी."

आमच्या चाळीत उचलायला माणसं कमी पडत नाहीत. कसं उचलायचं ते सांगायला त्याहून जास्त मिळतात. तळमजल्यावरचा विठोबा आला. तो गणपती मंडळाचा. मूर्ती पाटावरून उतरवण्याचा मान वर्षानुवर्षं त्याचा आहे. काशीबाई म्हणाली, भरली पाटी डोक्यावर घेऊन मी धक्क्यावरून चालते, बर्फाचं पाणी सांडत नाय. ऑस्वाल्ड चर्चच्या दफनसेवेत होते. "मी आयुष्यभर शवपेट्या उचलल्या," ते म्हणाले. "आतल्या एकानेही तक्रार केली नाही." पण त्यांना कोपरा दिसला नसता, म्हणून ते खुर्चीतच राहिले. तिसरा मी. चौथ्या कोपऱ्यासाठी मितेशचं नाव निघालं.

"टीव्ही माझा, कोपरा माझा," थेरेसाबाई म्हणाल्या.

पलंगावरची गादी काढली, फळीवर गोधडी अंथरली. विकास म्हणाला, आधी तालीम करा. कपाटाचा जुना पत्रा घेतला आणि त्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला.

विठोबाने सूत्रं घेतली. "मी 'बाप्पा' म्हणणार, 'मोरया'ला उचलायचं." तो 'बाप्पा' म्हणाला आणि काशीबाईने उचललं, कारण तिच्याकडे पाटीला हात लावला की ती उचलायचीच असते. 'मोरया'ला विठोबाने उचललं. थेरेसाबाईंना ऐकूच आलं नाही, त्या काच समजून पत्र्याकडे बघत राहिल्या. मी विचार करून उचललं. पेला माझ्या पायावर आला.

"असं नसतं," ऑस्वाल्ड म्हणाले. "आमच्यात कुणी बोलत नाही. पुढच्याची हनुवटी बघायची. ती खाली गेली की उचलायचं."

"नजर काचेवरून हलवायची नाही," विकास म्हणाला.

म्हणजे ओरडून चालत नव्हतं आणि बघून चालत नव्हतं. विठोबाचं म्हणणं, थेरेसाबाईंनी कोपरा सोडावा. थेरेसाबाईंनी त्याचे ओठ वाचले आणि कोपरा आणखी घट्ट धरला. काशीबाई विठोबाला म्हणाली, तुझा गणपती वेगळा रे, त्याच्या अंगाला कापूस गुंडाळलेला असतो. विठोबा म्हणाला, गणपतीच्या अंगाला कापूस गुंडाळत नाहीत. या विषयावर बराच वेळ गेला. शेवटी ऑस्वाल्ड वैतागले आणि त्यांनी खुर्चीतूनच जमिनीवर पाय आपटला.

आमच्या चाळीची जमीन लाकडी फळ्यांची आहे.

थेरेसाबाईंनी लगेच मान वळवली. "काय पाहिजे?" त्यांनी ऑस्वाल्डना विचारलं.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. या घरात हाक अशीच मारतात, हे आम्ही शेजारी कितीतरी वर्षं बघत होतो. त्याला दिसत नाही, तिला ऐकू येत नाही. चहा हवा असला की पाय आपटायचा.

ठरलं. ऑस्वाल्डचा पहिला पाय, तयार. दुसरा पाय, उचला. पेला पुन्हा भरला. थप्. थप्. पत्रा वर आला आणि पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. विठोबाने हळूच पुटपुटून मोरया केलं, पण ते त्याचं वैयक्तिक.

मग खरी काच. विकासने चौकट सोडवली, फिती हातात घेतल्या. थप्. थप्. काच निघाली, हलकी, लवलवती. आम्ही ती गोधडीवर नेऊन ठेवली आणि तेव्हा कुठे श्वास सोडला. विकासने जुन्या पट्ट्या काढल्या. एका दिव्यावर काळा ठिपका होता, डास बसावा तेवढा. सगळ्या पट्ट्या नव्या लावल्या आणि काच बसवायच्या आधी त्याने टीव्ही सुरू करून बघितला.

खोली पांढरी झाली. भिंतीवरच्या क्रुसामागची कोळिष्टकं दिसली, काशीबाईच्या पदरावरचे खवले दिसले. थेरेसाबाई वाकून आत बघत राहिल्या.

"चित्राच्या मागे एवढंच?"

"एवढंच, मावशी."

"नुसता उजेड?"

"नुसता उजेड."

त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. काय शोधत होत्या कोण जाणे.

आता काच परत बसवायची. चौघांनी कोपरे घेतले. थप्. थप्. काच वर आली, टीव्हीवर आली, अधांतरी थांबली. आता विकास 'हं' म्हणाला की ऑस्वाल्ड थाप देणार, थाप पडली की खाली टेकवायची. ऑस्वाल्डनी पाय उचललाही नव्हता, तेवढ्यात फळ्यांतून धप्पकन आवाज आला.

खाली, पहिल्या माळ्यावर, गंगाधर राहतो. त्याच्या डोक्यावर सकाळपासून थापा पडत होत्या आणि आता त्याने झाडूच्या दांड्याने छताला उत्तर दिलं होतं.

माझा कोपरा खाली निघाला. विठोबाचाही. काच माझ्या बोटांखाली वाकल्याचं मला कळलं.

"तो नाही," थेरेसाबाई म्हणाल्या. त्यांचा कोपरा तसूभर हलला नव्हता. "ऑस्वाल्डचा पाय मी ओळखते."

आम्ही थांबलो. काशीबाईने शिवी दिली ती गंगाधरला होती की मला, हे मी विचारलं नाही. खालून पुन्हा धप्प झालं. कुणी हललं नाही. मग ऑस्वाल्डनी, शवपेटी खड्ड्याच्या काठावर असताना जसे थांबत असतील तसे थांबून, पाय टेकवला. हळू. एकदा. मग पुन्हा.

काच बसली.

टीव्ही लागला. चित्र लख्ख होतं. फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात एक पांढरा डाग राहिला होता. दिव्यावरचं बारीक भिंग जरा सरकलं, विकास म्हणाला, पुन्हा उघडू का? सगळे एका सुरात नाही म्हणाले. ही आमची पहिली थापेविना केलेली कृती.

"तो डाग त्यांचा की आपला?" थेरेसाबाईंनी मला विचारलं.

"आपला."

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी शेवट बघितला. रविवारी चार वाजता स्टूल दारात आलं. कुणाला बोलावलं नव्हतं, तरी गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"आधी एक ऐका," त्या म्हणाल्या. "बंगल्यात काळोख नव्हता. आमच्या टीव्हीत होता. जेवढं काळोखाचं सांगितलं तेवढं काढून टाका."

मग काशीबाई उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नाय काढणार."

"अगं, खोटं आहे ते."

"असू दे. धाकटी काळोखात जेवली ते मी बघितलंय."

"कुठे बघितलंस?"

"इथं."

थेरेसाबाईंनी न्यायासाठी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडापुढे पेपर होता.

"ठेवा मग," त्या शेवटी म्हणाल्या. "पण काळोख आपला होता, हे लक्षात असू दे." आणि शेवट सांगितला. आमच्या टीव्हींवर शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं होतं आणि सासूने धाकटीच्या हातात घराच्या चाव्या दिल्या होत्या. थेरेसाबाईंच्या मालिकेत चाव्या दिल्या, पण धाकटीने मूठ मिटली नाही. चाव्या नुसत्या तळहातावर राहिल्या. "म्हणजे ती जाणार," त्या म्हणाल्या. "जाणारच," बायका म्हणाल्या, आणि त्या दिवशी लसूण तसाच राहिला.

सोमवारी साडेसातला नवी मालिका सुरू झाली. गावाकडची. मला वाटलं, आता काही दिवस नवी माणसं ओळखण्यात जातील. मंगळवारी चार वाजता थेरेसाबाई आल्या त्या फार गंभीर होत्या. स्टुलावर बसून त्यांनी आधी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"नाकवालीचा नवरा मेला नव्हता," त्या म्हणाल्या.

जुन्या मालिकेत नाकवालीचा नवरा दिवाळीच्या सुमारास छातीत कळ येऊन गेला होता. भिंतीवर त्याचा फोटो होता, फोटोला हार होता.

"मिशी ठेवलीय. गावाला दुसरं बिऱ्हाड केलंय, ट्रॅक्टर घेतलाय. पण तोच. बायकोशी खोटं बोलताना डावी भुवई तशीच वर जाते."

नटाला दुसरं काम मिळालं एवढीच ही गोष्ट होती, आणि ती समजावून सांगायला मी पेपर घडी घालून ठेवला, तोंडही उघडलं. तेवढ्यात आतून आरामखुर्चीतून ऑस्वाल्ड बोलले.

"मी पण तेच सांगणार होतो. आवाज तोच. खोकतो पण तसाच."

काशीबाईने ते थेरेसाबाईंच्या समोर जाऊन, शब्द न शब्द, सावकाश सांगितलं. थेरेसाबाईंनी मान डोलावली. या नवरा-बायकोचं एखाद्या मालिकेबद्दल एकमत झाल्याचं चाळीत कुणालाच आठवत नव्हतं. त्यावर माझं काय चालणार? मी पेपर पुन्हा उघडला.

काशीबाईने स्टूल पुढे ओढलं.

"आता नाकवालीला कळवणार कोण?" तिने विचारलं.